कुटुंबासह बाप्तिस्मा : १८१२ सालची एक फाटाफूट

६ फेब्रुवारी १८१२. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले सेलम बंदर. तिथल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये त्या दिवशी पाच तरुणांना दीक्षा देऊन मिशनरी म्हणून नेमण्यात आले : सॅम्युअल न्यूवेल, अदोनिराम जडसन, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि लूथर राइस. पाचही जण तिशीच्या आतले. अमेरिकेतल्या मंडळींनी संघटित होऊन समुद्रापार पाठवलेली ही पहिलीच तुकडी होती. हॉल आणि नॉट सुमारे वर्षभरात मुंबईला पोहोचले आणि त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. न्यूवेल पुढच्या वर्षी त्यांना येऊन मिळाला. ‘ज्ञानोदय’, अहमदनगरच्या शाळा, नारायण वामन टिळकांचे लेखन या सगळ्यांची मुळे त्या तिघांपर्यंत जातात. उरलेले दोघे मात्र मुंबईला कधीच आले नाहीत. भारतात उतरल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यांची वाट वेगळी झाली. ज्या प्रश्नाने त्यांना वेगळे केले तो असा : ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलेल्या तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा, की ते मूल मोठे होऊन स्वतः विश्वास ठेवीपर्यंत थांबावे?

बाहेरून पाहणाऱ्याला हा विधीचा बारीकसारीक तपशील वाटेल. पण यात मंडळी म्हणजे कोण हेच ठरत होते. माणूस ख्रिस्ती घरात जन्मतो म्हणून मंडळीचा होतो, की स्वतःच्या तोंडाने कबुली देतो तेव्हा? जन्माने मिळणारे स्थान आणि स्वतः पत्करलेली वाट यांतला फरक भारतातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

वाद जुना होता. इसवी सनाच्या २०० च्या आसपास कार्थेजच्या टर्टुलियनने लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असे लिहिले. त्याने विरोध केला याचाच अर्थ ती चाल तेव्हा पडलेली होती. चौथ्या शतकात अनेक जण बाप्तिस्मा पुढे पुढे ढकलत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ साली मृत्युशय्येवर घेतला. पुढे ऑगस्टिनने आदिपापाची शिकवण मांडली आणि बालबाप्तिस्म्याला तिचा आधार मिळाला. त्यानंतर जवळजवळ हजार वर्षे पश्चिम युरोपात मूल जन्मले की त्याला पाण्याजवळ नेणे ही गृहीत गोष्ट झाली. गावात जन्म म्हणजे मंडळीत जन्म.

ही घडी विस्कटली ती स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात. तिथे उलरिख झ्विंग्लीच्या नेतृत्वाखाली धर्मसुधारणा चालू होती. फक्त पवित्र शास्त्र प्रमाण, हे त्याचे सूत्र. त्याच्याच काही तरुण शिष्यांनी ते सूत्र शेवटपर्यंत ताणले. शास्त्रात तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याची आज्ञा कुठे आहे, असे त्यांनी विचारले. कोनराड ग्रेबेलच्या घरी जानेवारी १५२५ मध्ये मुलगी जन्मली आणि त्याने तिला बाप्तिस्म्याला नेण्यास नकार दिला. नगरसभेने १८ जानेवारीला हुकूम काढला : ज्यांची मुले बाप्तिस्म्यावाचून आहेत त्यांनी आठ दिवसांत विधी उरकावा, नाहीतर शहर सोडावे. २१ जानेवारीच्या संध्याकाळी फेलिक्स मान्झच्या घरी ही मंडळी जमली. जॉर्ज ब्लाउरॉकने ग्रेबेलकडे बाप्तिस्मा मागितला आणि ग्रेबेलने तो दिला. मग ब्लाउरॉकने इतरांना दिला. या सगळ्यांचा तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला होताच. म्हणून विरोधकांनी त्यांना ‘पुन्हा बाप्तिस्मा देणारे’ ठरवले. त्यांचे स्वतःचे म्हणणे मात्र असे की हाच आमचा पहिला आणि एकमेव बाप्तिस्मा.

झ्विंग्लीचे उत्तर दुबळे नव्हते. देवाने अब्राहामाशी करार केला तो त्याच्या संततीसह केला आणि त्याची खूण म्हणून आठ दिवसांच्या मुलाची सुंता ठरवली. नव्या करारात सुंतेच्या जागी बाप्तिस्मा आला. मग जुन्या करारात असलेले मूल नव्या करारातून बाहेर का पडावे? देवाची कृपा आकुंचन पावली काय? कराराचा हा युक्तिवाद पुढे कितीतरी पंथांनी उचलला आणि सेलमच्या त्या पाच तरुणांनाही तोच शिकवलेला होता. पण झुरिकच्या नगरसभेने युक्तिवादावर भागवले नाही. १५२६ साली पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारण्याचा कायदा झाला. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झला हातपाय बांधून लिम्मात नदीत ढकलले. पाण्यासंबंधीच्या मतासाठी पाण्यातच मृत्यू देण्यात एक जाणीवपूर्वक क्रौर्य होते. झ्विंग्लीच्या विद्वत्तेबद्दल कितीही आदर असला तरी हा डाग त्याच्या नावावरून पुसता येत नाही.

अटलांटिक ओलांडून मॅसॅच्युसेट्समध्ये वसाहत करणारे प्युरिटन स्वतः छळ सोसून आलेले. तरी त्यांनीही १६४४ साली बालबाप्तिस्म्याला विरोध करणाऱ्यांसाठी हद्दपारीचा कायदा केला. ओबदाया होम्सला १६५१ साली बॉस्टनमध्ये तीस फटके मारले गेले. हार्वर्डचे पहिले अध्यक्ष हेन्री डन्स्टर यांनी स्वतःच्या मुलाचा बाप्तिस्मा करण्याचे नाकारले आणि १६५४ साली त्यांना पद सोडावे लागले. जडसनच्या काळापर्यंत फटके थांबले होते. पण प्युरिटनांच्या परंपरेतल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांसाठीचा चर्च-कर मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत चालूच राहिला. प्रतिष्ठित माणसे काँग्रिगेशनल चर्चमध्ये बसत. बॅप्टिस्ट होणे, म्हणजे फक्त विश्वासणाऱ्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या पंथात जाणे, ही सामाजिक पायरी उतरणे होते.

अदोनिराम जडसन याच प्रतिष्ठित घरचा. वडील काँग्रिगेशनल पाळक. तो स्वतः तेवीस वर्षांचा, अतिशय बुद्धिमान आणि भाषांचा नाद असलेला. दीक्षेच्या आदल्या दिवशी, ५ फेब्रुवारीला, त्याचे ॲन हॅसलटाइनशी लग्न झाले. १९ फेब्रुवारीला ‘कॅरॅव्हॅन’ जहाजातून जडसन दांपत्य आणि न्यूवेल दांपत्य सेलमहून निघाले. हॉल, राइस आणि नॉट दांपत्य फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ जहाजाने आले. दोन्ही जहाजांचे पहिले ठिकाण कलकत्ता.

कॅरॅव्हॅनवर चार महिने मोकळा वेळ होता. जडसन ग्रीक नव्या कराराच्या भाषांतराला बसला आणि बसल्या बसल्या दोन अडचणी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. पहिली अगदी व्यावहारिक. त्याला पाठवणाऱ्या बोर्डाची सूचना होती की खात्रीलायक विश्वासणाऱ्यांना त्यांच्या कुटुंबासह बाप्तिस्मा द्यावा. न्यू इंग्लंडमध्ये हे सोपे होते. तिथे आईबाप आधीपासूनच ख्रिस्ती. पण आशियात उद्या एखाद्या घरचा कर्ता माणूस ख्रिस्ती झाला, तर त्याच्या मुलांचे काय? आणि नोकरांचे? अब्राहामाने मुलांबरोबर घरात जन्मलेल्या आणि पैसे देऊन विकत घेतलेल्या दासांचीही सुंता केली, असे उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात स्पष्ट आहे. बाप्तिस्मा हा सुंतेच्या जागी आला असेल, तर विश्वास नसलेल्या प्रौढ नोकरालाही धन्याच्या विश्वासावर पाण्यात उतरवायचे काय? याला कोणीही हो म्हणणार नव्हते. मग मुलांनाच वेगळा नियम का?

दुसरी अडचण कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरची. तिथे विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे बॅप्टिस्ट मिशनरी होते आणि या नवख्या अमेरिकनांना त्यांचाच पाहुणचार घ्यायचा होता. ते वाद घालतील, तेव्हा आपली बाजू तयार हवी, म्हणून जडसन आपली बाजू तपासू लागला. तपासताना तीच बाजू हातातून निसटू लागली. नव्या करारात ज्यांच्या बाप्तिस्म्याचे वर्णन आहे ते आधी ऐकतात, विश्वास ठेवतात आणि मग पाण्यात उतरतात. लुदियेच्या आणि फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला हे खरे. पण त्या घरांत तान्ही मुले होती असे शास्त्र सांगत नाही. पाण्याचे शिंतोडे की पूर्ण बुडणे, या प्रश्नातही त्याचे मन दुसऱ्या बाजूला झुकले.

ॲनला हे मुळीच रुचले नाही. तू बॅप्टिस्ट झालास तरी मी होणार नाही, असे तिने नवऱ्याला अनेकदा बजावल्याचे तिच्याच पत्रात आहे. तिला माहेरचे लोक दिसत होते, मैत्रिणी दिसत होत्या, आणि ज्या बोर्डाच्या पैशावर हा प्रवास चालला होता ते बोर्डही. पण ती नुसती अडून बसली नाही. कलकत्त्यात ते ज्या घरी उतरले तिथे या विषयावरची दोन्ही बाजूंची पुस्तके मिळाली. ती तिने स्वतः वाचली, शास्त्राशी ताडून पाहिली आणि अखेरीस तिचाही निर्णय तोच झाला. आम्हाला बॅप्टिस्ट व्हायचे नव्हते, सत्याने भाग पाडले, अशा आशयाचे तिने घरी कळवले. मला या प्रकरणात जडसनपेक्षाही ॲनचे वागणे मोठे वाटते. नवऱ्याच्या मागून जाणे तिला सहज शक्य होते आणि लोकांनी ते स्वाभाविकच मानले असते. तिने विश्वासाचा प्रश्न विश्वासासारखाच, स्वतःपुरता सोडवला.

श्रीरामपूरच्या मंडळींनी यात बोटही बुडवले नव्हते. दुसऱ्या पंथाच्या पाहुण्यांपुढे हा विषय काढायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. म्हणूनच २७ ऑगस्ट १८१२ रोजी जडसनचे पत्र आले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले. आपण सुमारे चार महिने प्रार्थनापूर्वक विचार केला असून दोघांनाही बाप्तिस्मा हवा आहे, असे त्याने लिहिले होते.

या कॅरींना मराठी वाचक वेगळ्या नात्याने ओळखतो. फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली श्रीरामपूरला छापला गेला. तेही मुळात तान्हेपणी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झालेले, आणि १७८३ साली नॉर्थॅम्प्टनच्या नेन नदीत विश्वासाने दुसऱ्यांदा पाण्यात उतरलेले. श्रीरामपूरचा पहिला बाप्तिस्मा २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या घाटावर झाला. त्या दिवशी कॅरींबरोबर दोघे जण पाण्यात उतरले : एक कृष्ण पाल हा बंगाली सुतार, आणि दुसरा कॅरींचा स्वतःचा मुलगा फेलिक्स. मिशनरीचा मुलगा आणि हिंदू घरातला सुतार, दोघेही एकाच दाराने आत आले. मिशनरीच्या पोटी जन्मल्याचा काही वेगळा हक्क फेलिक्सला मिळाला नाही. विश्वासणाऱ्यांच्या बाप्तिस्म्याचा अर्थ त्या घाटावर जितका उघड दिसला तितका पुस्तकांतल्या युक्तिवादांतून क्वचितच दिसतो.

६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्याच्या लाल बाजार चॅपेलमध्ये विल्यम वॉर्ड यांनी अदोनिराम आणि ॲन यांना बाप्तिस्मा दिला. तिथेच महिनाअखेर जडसनने याच विषयावर प्रवचन केले. या विषयावर इतके चांगले प्रवचन आपण ऐकले नाही, असे कॅरींनी लिहून ठेवले आहे. बोर्डाचे चिटणीस सॅम्युअल वूस्टर यांना जडसनने आधीच पत्र टाकले होते. कुटुंबासह बाप्तिस्मा देण्याची आपली सूचना मला यापुढे पाळता येणार नाही, म्हणून आपले नाते संपले असे समजावे, हा त्याचा मथितार्थ. पगार तुटला. त्याहून अधिक दुःख सोबत्यांपासून दूर जाण्याचे होते, हेही त्याने कळवले.

‘हार्मनी’ ८ ऑगस्टला पोहोचली होती. त्या जहाजावर इंग्लंडचे बॅप्टिस्ट मिशनरीही होते आणि लूथर राइस प्रवासभर त्यांच्याशी हिरीरीने वाद घालत आला होता. जडसनच्या निर्णयानंतर तोच पुन्हा विचारात पडला आणि १ नोव्हेंबरला त्यानेही बाप्तिस्मा घेतला. पाचातले दोन गेले.

हे घडत असताना परिस्थिती किती बिकट होती ते ध्यानात घ्यायला हवे. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. त्यात जून १८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू झाले आणि हे तरुण शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. उतरताक्षणीच परत जाण्याचा हुकूम झाला. न्यूवेल आणि त्याची पत्नी हॅरिएट ऑगस्टच्या आरंभीच मॉरिशसला निघाले. वाटेत जहाजावर त्यांना मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत दगावली. ३० नोव्हेंबरला पोर्ट लुईला हॅरिएटही गेली. ती एकोणीस वर्षांची होती. जानेवारीत जडसन दांपत्य तिथे पोहोचले तेव्हा त्यांना ही बातमी कळली. बोर्डाशी नाते तुटले होते, मैत्रीण गेली होती आणि पुढे कुठे जायचे हे ठरलेले नव्हते. अशा दिवसांत एखाद्याने आपले मत गिळून टाकले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता.

राइस अमेरिकेला परतला आणि गावोगाव हिंडून त्याने बॅप्टिस्ट मंडळ्यांना एकत्र आणले. मे १८१४ मध्ये फिलाडेल्फियात त्यांची पहिली राष्ट्रव्यापी मिशन-संघटना उभी राहिली. जडसन दांपत्य १३ जुलै १८१३ रोजी रंगूनला उतरले. तिथे त्यांना आसरा मिळाला तो हुगळीच्या घाटावर बाप्तिस्मा घेतलेल्या फेलिक्स कॅरीच्या घरात. पहिला बर्मी बाप्तिस्मा व्हायला १८१९ उजाडले. जडसनचे बर्मी बायबल, त्याचा तुरुंगवास, ॲनचे १८२६ मधले निधन ही स्वतंत्र कथा आहे.

आपल्याकडची कथा मुंबईची. हॉल आणि नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना त्यांना इंग्लंडला धाडण्याचा हुकूम होता. दोघे गुपचूप कोचीनला निघून गेले, तिथून त्यांना परत आणण्यात आले. हॉलने नेपियनना पत्रे लिहून त्यांच्या ख्रिस्ती सदसद्विवेकालाच हात घातला. त्याच वर्षी नवा चार्टर ॲक्ट झाला आणि राहण्याची परवानगी मिळाली. नॉट आजारपणामुळे १८१५ मध्ये परतला, न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेला, आणि हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनेच दगावला. त्याच साली मराठी नवा करार मुंबईच्या मिशन छापखान्यातून बाहेर पडला.

या तिघांनी कुटुंबासह बाप्तिस्म्याची शिकवण सोडली नाही. पण ती राबवण्याची वेळच फारशी आली नाही. आरंभीच्या वर्षांत बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतके. आणि पुढेही महाराष्ट्रात घडले ते दोन्ही पक्षांच्या पुस्तकांत नव्हते. इथे एक माणूस बाप्तिस्मा घेई आणि कुटुंब त्याच्यापासून तुटे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला काही वर्षांच्या ताटातुटीनंतर, स्वतःच्या मनाशी झगडून. पंडिता रमाबाईंचे उदाहरण उलट टोकाचे : २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दोन वर्षांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा त्यांच्याबरोबरच झाला. एका विधवा आईने आपल्या एकुलत्या मुलीला आपल्या नव्या घराबाहेर का ठेवावे? जडसनचा युक्तिवाद मला शास्त्राच्या दृष्टीने अधिक सरळ वाटतो. पण रमाबाईंचे हे करणे चुकीचे होते असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात घेतले. ज्या मिशनशी त्यांचे आयुष्य बांधलेले होते त्याच्या संस्थापकांना ही कल्पना सहज पटली असती असे वाटत नाही.

फुटलेल्या दोन शाखा पुन्हा भेटल्या त्या आपल्याच भूमीवर. उत्तर भारतातल्या पंथांचे ऐक्य घडवण्याची बोलणी कित्येक वर्षे चालली होती आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न त्यांतला सर्वांत अवघड होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. हॉल आणि नॉट यांच्या परंपरेतल्या काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च या आधीच्या एकत्रित चर्चमार्फत त्यात आल्या आणि कॅरी-वॉर्ड यांच्या परंपरेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्याही आल्या. या चर्चच्या घटनेने बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती मान्य केल्या आहेत. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी मंडळीपुढे स्वतःच्या विश्वासाची कबुली द्यायची, आणि ज्या आईबापांना थांबायचे आहे त्यांच्या मुलासाठी आशीर्वादाची प्रार्थना करून बाप्तिस्मा त्याच्यावर सोडायचा, अशी ही व्यवस्था आहे.